मिल्काताईंच्या टेबलावरची टोपी

मिल्काताई आवासकर यांना मी प्रथम पाहिले ते शिडीवर. सहा वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी राहेल ठाण्याचे घर आवरून जुन्नर-ओझर रस्त्यावरील आमच्या समाजाच्या वृद्धनिवासात राहावयास आलो. फाटकाशी स्वागताला कोणी नव्हते. व्हरांड्यात एक सडपातळ बाई शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून एका खोलीच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची छोटी डबी, बसवीत होत्या. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या स्वयंपाकीण हौसाबाई त्यांना रागावत होत्या.

"ताई, उतरा म्हनते ना! पडलात तर तुमाला कोन सांबाळायचं? हितं समदीच म्हातारी!"

"आज या खोलीत माणसं राहायला येणार, हौसाबाई. चौकट रिकामी कशी ठेवू?" असे म्हणताना ताईंचे लक्ष आमच्याकडे गेले. नमस्कार नाही, चौकशी नाही. त्या म्हणाल्या, "आलात? बरं झालं. खाली एक स्क्रू पडलाय, तेवढा वर द्या."

या निवासात मी केलेले पहिले काम म्हणजे तो स्क्रू उचलून देणे. त्या वेळी मला ते फारसे आवडले नव्हते. पुढे कळले की ताईंची माणसांना घरात घेण्याची रीतच ती आहे. येथे राहणाऱ्या कोणालाही त्या पाहुणा म्हणू देत नाहीत. आणि जो पाहुणा नाही त्याला काम असलेच पाहिजे, असे त्यांचे मत आहे.

ताईंच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ तालुक्यातील अनेक स्नेहीही वाचतील, म्हणून आमच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात कित्येक पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. आमच्या पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा आमचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून कोकणात आम्हांला 'शनिवार तेली' म्हणत. पुढे बहुतेक कुटुंबे मुंबई-ठाण्याला गेली आणि मुलेबाळे परदेशी. समाजातील एका गृहस्थांनी आपली येथील जमीन मागे राहिलेल्या वृद्धांसाठी दिली. द्राक्षबागांच्या मध्ये हे निवास उभे राहिले. आसपासचे लोक त्याला 'शनवारचा बंगला' म्हणतात, कारण शनिवारी येथे चूलही पेटत नाही. हौसाबाईंना याविषयी कोणी विचारले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असते: "शनवारी चूल पेटवायची न्हाई, म्हंजी शुक्रवारी दोनदा पेटवायची. काम कुटं चुकतंय?"

ताई पूर्वी सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर त्या येथे व्यवस्थापिका म्हणून आल्या, तेव्हा येथील वृद्ध दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसत, असे जुने रहिवासी सांगतात. ताईंनी प्रथम खुर्च्यांची तोंडे फिरवली. त्यांनी खुर्च्या समोरासमोर मांडल्या. मग सकाळचा व्यायाम आला, वृत्तपत्राचे सामूहिक वाचन आले, सणावाराला मलिद्याचे, म्हणजे आमच्या नैवेद्याचे, पोहे भिजवणे, खोबरे किसणे, फळे चिरणे ही कामे ज्याच्या हातांना जे झेपेल त्याप्रमाणे वाटली गेली. आमचे सॅमसनराव आयुष्यभर शिंपीकाम करीत आले. त्यांच्याकडे सर्वांची बटणे आली. बटण लावून देताना ते प्रत्येकाच्या पोटाच्या घेराविषयी जे बोलतात ते येथे लिहिण्याजोगे नाही.

मराठी कीर्तनाची आमच्या समाजात जुनी परंपरा आहे. मोशे, योसेफ या आमच्या धर्मग्रंथातील पुरुषांची आख्याने आम्ही टाळ-पेटीवर गातो. ती ऐकावयास वस्तीवरच्या बायकाही येऊन बसतात. राहेलचा आवाज गोड होता, परंतु दृष्टी मंद झाली होती. ताईंनी आख्यानांच्या जीर्ण वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "सर, तुम्ही मराठीचे शिक्षक. मोठ्या अक्षरात उतरवून द्या. राहेलबाईंना वाचता आलं पाहिजे." मी रोज दोन पाने लिहीत असे आणि संध्याकाळी ती गात असे. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकत्र केलेले ते पहिलेच काम होते, असे म्हटले तरी चालेल.

ताईंचे सर्वच मला पटते असे नाही. त्या कीर्तनात बेसूर गातात आणि तेही मोठ्याने. निवासाची जुनी जीप त्या स्वतः चालवतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाला प्रार्थनेचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही. परंतु राहेलच्या अखेरच्या तीन आठवड्यांत त्यांनी तिची जी शुश्रूषा केली, तिच्याविषयी लिहावयास बसलो की मला अजूनही वाक्य पुरे करता येत नाही. एवढेच सांगतो, की त्या दिवसांत तिची वेणी एकही दिवस घातल्यावाचून राहिली नाही.

राहेल गेली तेव्हा मी योसेफाचे आख्यान उतरवीत होतो. ते अर्धेच राहिले. ताईंनी वही माझ्या टेबलावरून हलवली नाही आणि तिच्याविषयी एका शब्दाने विचारलेही नाही.

गेल्या वर्षी तिचा पहिला वर्षदिन आला. त्या दिवशी कद्दीश म्हणावयाचे असते. दिवंगतासाठी म्हटली जाणारी ही प्रार्थना, पण तीत मृत्यूचा उल्लेख नाही. आहे ती केवळ देवाची स्तुती. मात्र ती एकट्याने म्हणता येत नाही. निदान दहा पुरुष हजर असावे लागतात. आम्हांला अपत्य नाही. राहेलसाठी कद्दीश म्हणणारा या जगात मी एकटाच होतो.

या दहांविषयी ताईंची एक पद्धत आहे. माणसे आकड्याने मोजू नयेत, असा आमच्याकडे संकेत आहे. म्हणून प्रार्थनेपूर्वी त्या खोलीबाहेरच्या टेबलावर दहा टोप्या मांडतात. येणारा पुरुष एक उचलून डोक्यावर घालतो. टेबल रिकामे झाले की मोजणी न करता मोजणी झाली. निवासात आम्ही नेमके दहा पुरुष होतो. आणि वर्षदिनाच्या आदल्या आठवड्यात सॅमसनराव डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडे गेले.

ताईंनी पुणे आणि ठाणे येथे दूरध्वनी केले. कोणाकडे लग्न होते, कोणाचे गुडघे दुखत होते. अखेर ठाण्याचे एक गृहस्थ तयार झाले. मात्र रविवारी पहाटे त्यांना न्यावयास गाडी पाठवावी लागणार होती. आणि जीपचा क्लच तर गुरुवारीच कुरकुरू लागला. ती कशीबशी आळेफाट्याला इसाकभाईंच्या गॅरेजात नेली. मी बरोबर होतो.

इसाकभाई हे आमचे जुने परिचित. जीपची दुरुस्ती नेहमी त्यांच्याकडेच होत असे. ते मुसलमान आहेत याविषयी माझ्या मनात कधी शंका आली नव्हती. दरवर्षी ईदेच्या सुमारास मी त्यांना आवर्जून शुभेच्छा देत असे आणि तेही हात पुसून "तुमालाबी, सर" म्हणत असत.

त्यांनी जीपखाली डोके घालून पाहिले आणि सांगितले, "ताई, दोन दिसाचं काम हाय. सोमवारी मिळंल."

"सोमवारी नको, भाऊ. उद्या आणि शनिवारी करा. रविवारी पहाटे मला ठाण्याला जायचंय."

"शनिवारी न्हाई जमायचं. शनिवारी शटर बंद."

"बाजूची सगळी गॅरेजं तर शनिवारी चालू असतात."

"त्यांची असत्यात. आमच्या बापाचंच तसं व्हतं. तेलाचा घाणा व्हता आमचा, कोकणातनं वर घाटावर आणल्याला. शनिवारी बैल जुपायचा न्हाई म्हंजी न्हाई. घाणा गेला, बैल गेला, पर माझ्यानं काय ते मोडवंना."

ताई टायरांच्या ढिगावर बसल्या. त्यांनी विचारले, "भाऊ, आईचं नाव काय होतं?"

"सारा."

सारा हे तर आमच्या घराघरांतले नाव. मी म्हणालो, "अहो, मग इतकी वर्षं मी तुम्हांला ईदेच्या शुभेच्छा देत होतो, तेव्हा बोलला का नाहीत?"

ते ओशाळून हसले. "सर, तुमी एवढं मनापासनं म्हनायचा. म्हनलं, कशाला मन मोडा? लोकं इसाकभाई म्हनली, मी व्हय म्हनलो. कुनाकुनाला समजावायचं? ईद तर ईद, चांगलंच हाय की."

"आणि आमच्याकडे कधी आला का नाहीत?" ताईंनी विचारले.

"तिथं समदी मुंबैची मोठी मानसं. आपुन गाडीखाली झोपनारं. बायको केली ती बी शेतकऱ्याची. बाप गेल्यापास्नं प्रार्थना ऐकल्याली न्हाई. मला काय येतंय त्यातलं? हात बघा, समदं ग्रीस."

"देवाला ग्रीसचं वावडं नाही. आंघोळ करून या म्हणजे झालं," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे हात दाखवून त्यांनी सांगितले, "रविवारी सकाळी सरांना कद्दीश म्हणायचंय. बाईंचं वर्ष आहे. तुमच्यावाचून व्हायचं नाही."

त्यांनी होकार दिला नाही. "बगतो, ताई," एवढेच म्हणाले आणि पुन्हा जीपखाली गेले.

रविवारी सकाळी टेबलावर दहा टोप्या मांडलेल्या होत्या. नऊ उचलल्या गेल्या, एक उरली. वेळ होऊन गेली. माझ्या वयाच्या माणसाने किती वेळ आशा धरावी याला मर्यादा असते. मी बाहेर येऊन ताईंना म्हणालो, "कद्दीश वगळा आणि उरलेली प्रार्थना सुरू करा. राहेल समजून घेईल."

"राहेलबाई घेतील. मी नाही घेणार," ताई म्हणाल्या. "बसा."

मग फाटकाशी इसाकभाईंची मोटारसायकल थांबली. मागे त्यांच्या पत्नी डबा धरून बसल्या होत्या. इसाकभाई फाटकाच्या आत येईनात. ताई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या. टेबलापाशी येताच त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. तीत मखमली काळी टोपी होती, कडेला झिजलेली. "बापाची हाय. पेटीत व्हती," असे म्हणून त्यांनी ती डोक्यावर ठेवली.

टेबलावर ती दहावी टोपी तशीच होती. मी भांबावून म्हणालो, "ताई, टोपी तर उरलीच आहे."

"उरू द्या. दहा झाले. चला आत."

मी कद्दीश म्हटले. इसाकभाईंना प्रार्थनेतील एकही शब्द येत नव्हता, पण 'आमेन' त्यांनी एकदाही चुकवले नाही. कारण ते दाराकडे पाहत होते आणि दारात उभ्या असलेल्या ताई त्यांना मान हलवून खूण करीत होत्या. आमच्या रूढीप्रमाणे त्या दहांत ताईंची गणना होत नाही. ज्यांनी ते दहा पुरे केले त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्या दिवशी ती रूढी मला प्रथमच तोकडी वाटली.

बाहेर आलो तेव्हा स्वयंपाकघरात निराळाच सोहळा चालला होता. "माहेर घोडेगावचं? आगं मंग तू माझी पावनीच की!" असे म्हणत हौसाबाईंनी इसाकभाईंच्या पत्नीला पाटावर बसवले होते. दुपारी मी योसेफाच्या आख्यानाची वही उघडली. जेथे थांबलो होतो तेथे योसेफाला लहानपणी विकून टाकणारे भाऊ त्याच्यासमोर उभे आहेत आणि त्यांनी त्याला अद्याप ओळखलेले नाही. मी पुढचे पान लिहावयास घेतले.

सॅमसनराव नव्या डोळ्यांनी परतले. पहिल्याच भेटीत त्यांनी इसाकभाईंना ऐकवले, "तुझ्या सदऱ्याला तीन बटणं नाहीत. मला आंधळ्याला आधी दिसलं नाही, पण या डोळसांना तू इतकी वर्षं दिसला नाहीस!" आता दर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गॅरेजचे शटर खाली येते आणि इसाकभाई व त्यांच्या पत्नी निवासात येतात. सॅमसनरावांनी आपली टोपी उचलली की टेबल रिकामे व्हावयास हवे. पण होत नाही. ताईंनी तेथे आणखी एक टोपी ठेवण्यास आरंभ केला आहे. ती कोणाची, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जो अजून आला नाही त्याची."

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्याकडे मोशेइतके, म्हणजे एकशेवीस वर्षांचे आयुष्य चिंतण्याची प्रथा आहे. त्या हिशेबाने ताईंच्या हाती अद्याप पंचेचाळीस वर्षे आहेत, आणि त्यांच्या कामाचा उरक पाहता ती त्यांना पुरतील असे वाटत नाही. देव त्यांचे गुडघे शिडीजोगे राखो, दृष्टी जीपजोगी राखो. आवाजाविषयी मी काही मागत नाही, तो आहे तसा आम्हांला हवा आहे. आणि आम्ही येथे असू वा नसू, शुक्रवारच्या सायंकाळी त्यांच्या हातांनी मांडलेल्या टेबलावर एक टोपी सदैव उरलेली असो.