सह्यांची वही

शुक्रवार पेठेतला हा पेनवाला गिऱ्हाइकाला पेन निवडूच देत नाही. आधी वही पुढे सरकवतो आणि म्हणतो, "सही करा. जोर कुटं देता, बघू की." मग स्वतः निब निवडतो, अंगठ्याच्या नखावर दाबून बघतो. पत्रकांच्या मथळ्यांसाठी मी त्याच्याकडूनच पेनं घेतो. तो चहा पाजतो, वाचनालय वाचवायच्या आमच्या चळवळीला शाबासकी देतो. भला माणूस आहे, असं मी चार ठिकाणी सांगितलंय.

आज मी लवचिक निब मागितली, दाबलं की रेघ जाड करणारी. त्याने नमुना म्हणून माझीच सही करून दाखवली. वळणासकट, हुबेहूब!

"माझी सही?"

"तुमचीच न्हाय, पेठेत कुणाचीबी येती. असली निब असली की ज्याचा त्याचा हात सापडतो."

मी वही ओढून पानं उलटली. आमच्या गल्लीतल्या मावशींनी कधीतरी पेन घेताना केलेली सही दिसली. खाली तीच दहा वेळा गिरवलेली. गल्लीचं वाचनालय बिल्डरला द्यायच्या संमतीपत्रावर हीच सही होती. "मी केली नाही रे," असं मावशी रडून सांगत होत्या. तरी मी पत्रकात त्यांना फितूर म्हणून छापलं होतं.

"हे कुणासाठी केलंत, काका?"

"सांगितलं, केलं. काम चोख हाय का न्हाय, ते बोला," असं म्हणून तो निब पुसू लागला.

वही काखेत मारून मी मावशींच्या दारात उभा आहे. कडी वाजवायला हात उठत नाही.