कमळाच्या वाट्या आन श्रीरामरावांचं पातं

...आन हे बी लिही ईश्वरी, की चमचे माझे व्हते. तुझ्या आईचे न्हवंत. कराडच्या बाजारातनं म्या हातात घेऊन, वजन बघून निवडल्याले. हसतीस काय? आपल्या मराठी मंडळाचा अंक परवा समद्यांच्या फोनवर जानार म्हनलीस ना? मग जसं बोलते तसंच घाल.

"आजी, पहले ये तो बताओ पापा कौन हैं. लोगों को कैसे पता चलेगा?"

बरं बाई. पापा म्हंजी ह्या माझ्या नातीचे वडील, माझे जावई, श्रीरामराव. माझ्या वंदनाचे मालक. मी गुडघ्याच्या दवापान्यासाठी म्हनून चंदीगडला आले ती हितंच ऱ्हायले. बावीस सेक्टरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली कपड्याचं दुकान. जावयाच्या घरात ऱ्हायचं म्हंजी जिभंला कुलूप. लेक असता तर थोबाडीत दिली असती. जावयाला काय देनार? चहा दिला.

तर चमचे. सकाळी पोहे केले, डबा उघडला, तर आत नुसत्या दांड्या. समद्या चमच्यांची तोंडं कापून नेल्याली! ताटलीत पोहे वाढले आन शेजारी एक दांडी ठेवली. श्रीरामरावांनी बघितलं, कान लाल झाले, आन बोटांनी पोहे खाल्ले.

"आई, नवीन आनतो," म्हनले.

"आना की," म्हनलं. "फकस्त तोंडासकट आना."

आता तोंडं कशापायी लागत्यात ते सांगते. आपल्याकडं गळाला गांडूळ लावत्यात, न्हाईतर कनकंची गोळी. ह्यांचं तसलं न्हाई. एक कडक तार घ्यायची. वर दोरी बांधायला फासा, मधी एकदोन मनी, खाली तीन नख्यांचा गळ. आन तारंवर इवल्याश्या कडीत लटकवायचं धातूचं एक पातं, बोटाच्या पेराएवढं, जरा खोलगट. पान्यातनं ओढलं की पातं तारंभवती गरागरा फिरतं, चमकतं, आन मोठ्या माशाला वाटतं बारकी मासोळी पळतीया. आला की अडाकला. ह्येला स्पिनर म्हनत्यात. दुकानात मिळतो, पर श्रीरामरावांना घरी करायचा असतो.

हा नाद त्यास्नी फौजेत लागला. तसे ते बी आमच्याच कडचे, कृष्णंच्या काठचे. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले, गाड्यांच्या दुरुस्तीवर. हिमाचलात असताना एका साहेबाचा स्पिनर दगडात तुटला, तर ह्यांनी दुधाच्या डब्याच्या पत्र्याचा करून दिला. साहेबाला मासा घावला. साहेबानं पाठीवर हात मारला. तो हात अजून पाठीवरच हाय, असं वंदना म्हनती.

हवालदार म्हनून रिटायर झाले. वंदनाची पाळनाघरातली नोकरी मोहालीत, ईश्वरीची शाळा हितली, म्हनून गावाकडं गेले न्हाईत. मग फौजी मानूस काय करनार? समदे करत्यात तेच. तकडं मोहालीला नॉलेज सिटीच्या बाजूला एका फाटकावर गार्ड म्हनून लागले. वर्दी, शिट्टी, दांडा. काय वाईट न्हवतं म्हना. पर घरी आले की बोलायचे न्हाईत. जेवताना हात मांडीवर ठेवून बसायचे. एक दिवस सोडून आले. वंदना तडतडली. मग एकदा शेंगा सोलत बसलो व्हतो दोघं, तवा मलाच म्हनले, "आई, फाटकावर उभं ऱ्हायला मला लाज न्हाई वाटत. पर तितं हाताला कामच न्हाई. दिवसभर हात नुसते लोंबत्यात."

ते ऐकलं तवापास्नं मला त्यांचा राग बी येतो आन येत बी न्हाई. लई तरास हाय हा.

तर आपल्या सेक्टरातच बाजाराच्या मागं एक सरदारजी हायत, गळ, दोऱ्या, काठ्या इकत्यात. त्यांनी ह्यांचा एक स्पिनर बघितला. म्हनले, "हवालदार साहब, दो दर्जन ले आओ. पर सब एक जैसे. और धीरे खींचो तब भी घूमना चाहिए. फिर मैं हर महीने लूँगा, पक्का." झालं! श्रीरामराव उडतच घरी आले. तकडं गार्डाच्या ठेकेदाराचा रोज फोन, परत या म्हनून. शेवटी वंदनानं सांगितलं, "एक तारखेपर्यंत काय ते करा. सरदारजीनं माल घेतला तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर एक तारखेला वर्दी चढवायची." ते म्हनले, "ठीक हाय." ते कायम ठीक हायच म्हनत्यात.

तवापास्नं आमच्या घरात पातं फिरतंय का ह्येच्याशिवाय दुसरी बात न्हाई.

चमच्याचं पातं फिरंना. जड पडलं. मग बाजारातनं पितळंचा पत्रा आनला. कातरला, लाकडावर ठेवून ठोकला, खोलगट केला. खालचा दुकानदार वर आला, "माताजी, छत गिरेगी क्या?" म्हनून. एक पातं फिरलं तर दुसरं मेल्यावानी लोंबतंय. तिसरं फिरतंय, पर जोरात ओढलं तरच. हातानं ठोकल्यालं, दोन एकासारखी व्हतील कशी? माझ्या भाकरी तरी कुठं व्हत्यात?

आन ओढायला कोन? मी! गच्चीवर निळा ड्रम हाय पान्याचा. गुडघं धरत मी जिना चढायची, दोरी ओढायची, आन हे ड्रमात डोकं घालून बघत बसायचे.

"आई, हळू."

"हळूच वढतीया."

"अजून हळू. मासा पळून जाईल."

"श्रीरामराव, ड्रमात मासा न्हाई."

"समजा हाय."

समजा हाय! ऊन टाळूवर, पाय सुजल्याले, आन मी समजा हाय म्हनून दोरी वढतीया.

मनी संपले तवा तर कहर झाला. वंदनाची जुनी तुटल्याली पोत डबीत व्हती, तिचे काळे मनी घेतले. मला कळलं तशी मी सैपाकघरात गेले. म्हनलं, "अगं, सौभाग्याचे मनी माशाच्या गळाला?" तर वंदना भांडी घासत घासत म्हनती, "सौभाग्य तिथं ड्रमात डोकं घालून बसलंय आई, मण्यांचं काय घेऊन बसलीस?" मला हसायला बी आलं आन रडायला बी. हे काढू नगंस, ऱ्हाऊदे. वाचूदे तुझ्या आईला.

मग एक दिवस काय झालं, गॅलरीत मी पाखरांना दाने ठेवते ना, ती वाटी श्रीरामरावांनी उचलली. कमळाची वाटी. आता ही वाटी चंडीमंदिरच्या छावनीतल्या बायकांना सांगायला नगं. हे छावनीत क्वार्टरला ऱ्हायचे तवा शैलजाताई म्हनून मेजरीनबाई व्हत्या. त्येंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्या वाट्या वान म्हनून लुटल्या. पितळंच्या, पातळ, आठ पाकळ्यांच्या. दिसायला गोड, पर कामाला कवडीच्या न्हाईत. आमटी वाढली तर पाकळ्यांच्या मधनं गळती. चटनी ठेवली तर खरवडून काढावी लागती. बायका समोर "अय्या कित्ती सुंदर" म्हनल्या आन जिन्यात हसल्या.

श्रीरामरावांनी दाने गॅलरीत वतले, वाटी पालथी घातली, एका पाकळीवरनं अंगठा फिरवला. मग दुसरीवरनं. मग परत पहिलीवरनं.

"आई, ह्या समद्या सारख्याच हायत."

"साच्यातल्या हायत. सारख्याच असनार."

तसेच उठले. पाकळी कातरली, कडंला भोक पाडलं, कडीत अडकवली. मी न बोलावता जिना चढले. दोरी धरली, आन अजून वढलीच न्हाई म्हना, नुसता हात हलवला, तर पातं फिरलं! भिरभिर भिरभिर, ड्रमात नुसता उजेड. दुसरी पाकळी लावली, ती बी तशीच. तिसरी बी. श्रीरामरावांनी डोकं वर काढलं, मिशीतनं पानी गळतंय, आन मला म्हनले, "आई, फिरलं." एवढंच. मी वाकडं तोंड करून म्हनलं, "दिसतंय मला," पर मला बी पदर डोळ्याला लावावा लागला.

सरदारजींनी दुकानातल्या टबात वढून बघितलं. "बस जी, यही चाहिए," म्हनले. "बाकी के ले आओ."

बाकीचे कुठनं आनायचे? घरात ती एकच वाटी! वंदनाकडं पुडा भरून व्हत्या. बायका नको म्हनून तिच्या गळ्यात घालून गेल्या व्हत्या. पर तिनं काय केलं, दुसऱ्या सालच्या हळदीकुंकवात त्याच वाट्या लुटून टाकल्या. आता ह्येच्यात तिची चूक काय? समद्याच करत्यात. वान फिरतंच. तुमच्या घरात बी कपाटात वरच्या फळीवर ठेवल्यालं असंल, पुढल्या संक्रांतीसाठी.

बाजार पालथा घातला. शेवटच्या टोकाला मनीमाजरा, तितपतुर भांड्याची दुकानं झाली. कोन म्हनतं, "कमल? दिवाली पे आएगा." कोन स्टीलची दावतं, कोन प्लास्टिकची. डोकं उठलं माझं.

मग ऱ्हायलं काय, तर दिल्यालं वान परत मागायचं. श्रीरामराव म्हनले, "मरून जाईन, पर वान परत मागनार न्हाई." वंदना म्हनली, "मला त्या बायकांना तोंड दाखवायचंय." मग कोन जानार? म्हातारी. म्हातारीला तोंड न्हाईच ना! पिशवीत जाड स्टीलच्या वाट्या घेतल्या, ईश्वरीला संगं घेतलं, आन गेले रिक्षानं चंडीमंदिरला स्मिताकडं. स्मिता म्हंजी सुभेदारांची बायको, नागपूरकडची, वंदनाची मैत्रीन.

तिनं चहा केला, बिस्किटं ठेवली. म्या सांगितलं. तिला हसू आवरंना.

"आजी, वाण परत न्यायला आलेली पहिलीच बाई पाहिली मी!"

"परत नेत न्हाई बाई, बदलून देती. ही बघ, जाड स्टील. आमटी ऱ्हाती ह्येच्यात."

"पण माझ्याकडे नाहीत ना आता. मीही वाटल्या. आणि सांगू, पुढच्याच वर्षी त्यातल्या दोन फिरून माझ्याकडेच आल्या! मग पुन्हा दिल्या."

"कुनाला?"

"ते कुठं लक्षात राहतं आजी? इकडे तर दर वर्षी अर्ध्या बायका बदलून जातात. कुणी जम्मूला, कुणी तेजपूरला."

घ्या! वाट्या पार हिंदुस्थानभर गेल्या. शेवटी तिनं मोरीतनं एक आनली, साबनाखालची. दोन पाकळ्या दबल्याल्या, बाकीच्या चांगल्या. म्हनली, "घ्या, आणि भाऊजींना सांगा, पहिला मासा मला." म्या स्टीलची वाटी तिच्या ओट्यावर ठेवली. ती नको नको म्हनत व्हती, पर म्या ठेवलीच. फुकट घेतलं असतं तर ते वान परत घेतल्यावानी झालं असतं.

आनखी दोन घरं फिरलो. एकीनं दारातनंच हात जोडले. दुसरीनं तिची वाटी मोलकरनीला दिल्याली.

आता पाकळ्या मोजल्या तर आमच्या वाटीच्या आठ आन स्मिताच्या वाटीच्या सहा, चौदाच. त्या सरदारजींकडं नेल्या तर ते म्हनले, "हवालदार साहब, ये तो बानगी हुई, माल कहाँ है?" बानगी म्हंजी नमुना. त्यांचं बी खरं हाय. दुकानात टांगायचं म्हंजी आज हाय उद्या न्हाई असं चालत न्हाई. श्रीरामरावांनी एक पाकळी दाबून लाकडाचा साचा बी करून बघितला, पर लाकूडच दबतंय, पातं न्हाई. लोखंडाचा साचा कोरून घ्यायचा तर कारखानदार म्हनतो, पाती हजारांनी करून घेतलीत तरच.

काल बघितलं तर श्रीरामराव वर्दीला इस्त्री करत व्हते. कुनी सांगितलं न्हवतं. कॉलर दोनदा उलटीपालटी केली. म्या म्हनलं, "आजून येळ हाय की." तर म्हनले, "ठीक हाय, आई." मला असा संताप आला! कुनावर ते बी कळंना. वंदनावर म्हनावं तर तिचं काय चुकलं, घर तिलाच चालवायचंय. म्या गच्चीवर जाऊन ड्रमावर झाकन आदळलं, तवा खालचा दुकानदार परत वर आला.

म्हनून ईश्वरी, आता हे ठळक लिही. वाचनाऱ्या बायांनो, आन बाप्यांनो बी. शैलजाताई आता कुठं हायत आमास्नी ठाऊक न्हाई. कोन सिकंदराबाद म्हनतं, कोन म्हनतं साहेब रिटायर होऊन पुन्याला गेले. जुना फोन लागत न्हाई. तुमच्यातली कुनी त्यास्नी ओळखत असंल, त्यांच्या नात्यातली, पलटनीतली, तर एवढं इचारा, की त्या कमळाच्या वाट्या कुठल्या दुकानातनं घेतल्या. गाव, बाजार, दुकानदाराचं नाव, आठवंल तेवढं. आमी जाऊन आनू. वाट्या नगंत त्यांच्या, नुसता पत्ता पायजे. वंदनाचा नंबर ईश्वरी खाली घालती. एक तारखंच्या आत हा निरोप शैलजाताईंना पोचवा बायांनो, माझ्या जावयाचे हात रिकामे हायत.