उतू घातलेलं दूध

काल सुमनताईंच्या नव्या फ्लॅटमध्ये दूध उतू घातलं. शेगडी, पातेलं, दूध, सगळं पिशवीतून नेलेलं. रिकाम्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. दूध काठावरून ओघळलं तशा त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

सुमनताई माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहतात. दिवसा शाळेच्या ऑफिसात नोकरी, संध्याकाळी साड्यांना फॉल-पिको. पगारात घर चालतं आणि शिलाई मशीनच्या कमाईतून फ्लॅटचे हप्ते जातात. हा दुसरा फ्लॅट. पहिल्यात भाडेकरू आहेत, यातही आज येणार.

"एकात तरी स्वतः राहायला जा की!" मी वैतागून म्हटलं.

"इतक्या लांब साडी घेऊन कोण येईल गं? गिऱ्हाईक आपल्या गल्लीतलं. डोळे चालतात तोवर मशीन चालवायची. सुईत दोरा जाईनासा झाला, की मग ही घरं मला पोसतील."

बोलणं बिनतोड होतं. मला ते आवडलं नाही, एवढंच. घर म्हणजे राहायची जागा, अशी माझी आपली साधी समजूत. आणि इथे ही बाई दुसऱ्यांदा गृहप्रवेश करून पुन्हा भाड्याच्या खोलीत परतणार होती.

दूध आम्ही वाटून प्यायलो. मग पदर खोचून त्या ओटा घासायला लागल्या.

"राहू द्या ना तो डाग," मी म्हटलं. "शकुनाचा आहे."

"छे! उद्या राहायला येणाऱ्या त्या बाईलाही इथे दूध उतू घालायचं असेल."