वाढलं का उतरलं

आक्काच्या रक्ताचे कागद अजून माझ्याकडे आहेत. सहा दिवसांचे सहा. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून केजच्या दवाखान्यातले डॉक्टर रोज सकाळी तो कागद माझ्या हातात देत आणि फारसं न समजावता पुढच्या नातेवाइकाकडे वळत. याला कळतंय, असं त्यांना वाटे. कळत होतंच.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला मोठं केलं ते तिनंच. धर्मापुरीच्या अलीकडे एका वस्तीवर ती मेंढरं राखायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. साथीच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला, मग खोकला, मग दोन पावलं चालली की दम. मी तिला जीपनं केजला आणलं.

वॉर्डात आम्हाला सोडत नसत. पण मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ एक जाळीची खिडकी होती आणि आक्काची खाट तिच्या कडेलाच होती. पहिल्या सकाळी मी तिथं उभा राहून कागद वाचायला लागलो. तिनं हात वर केला.

"आकडं नको सांगू."

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात, असं म्हणतात. संध्याकाळी कळप आत शिरताना आक्का नुसती बघत उभी राहायची आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायची, "भुरकी मागं राहिली." तिचं कधी चुकलं नाही. लहानपणी मी एकदा बोटं दाखवत मोजायला लागलो, तर तिनं माझी बोटं मुठीत धरून ठेवली होती.

"वाढलं का उतरलं, येवढंच सांग," ती म्हणाली.

"तसं नसतं आक्का. काही गोष्टी वाढल्या की वाईट, काही उतरल्या की वाईट."

"येवढं शिकून हेच शिकलास व्हय रे मास्तर? एक धड गोष्ट न्हाई तुजी."

मी सांगायचा प्रयत्न केला. शरीर रोगाशी झुंजायला लागलं की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं, ते वाढतं. लोह साठवणारं प्रथिन वाढतं. अल्ब्युमिन उतरतं, लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली एक जात उतरते. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "वाईट असंल तर मला आधी सांगायचं. मी गेले की दीर दुसऱ्या दिशी सिरसाळ्याचा व्यापारी आनतील. मला कळप धाकट्या जावेच्या हाती द्यायचाय."

"मग आत्ताच दे की."

"बरी व्हनार असंल तर कावून देऊ? एकदा दुसऱ्याच्या हाकेला लागलं की मेंढरू माघारी फिरत न्हाई. तू खरं सांग, मी बगते कवा द्यायचा ते."

मी हो म्हणालो.

तीन दिवस सांगायला सोपं होतं. थोडं वाढलं, तेवढंच राहिलं, जरा वाढलं. चौथ्या दिवशीचा कागद मी टाकीच्या सावलीत चारदा वाचला. वाढायला नको ते सगळं दुपटीच्या वर गेलं होतं. अल्ब्युमिन उतरलं होतं, त्या पेशीही उतरल्या होत्या.

"काय म्हनतंय?" तिनं विचारलं.

"उतरलं," मी म्हणालो.

शब्द खोटा नव्हता. तो मी कागदावरूनच घेतला होता. जन्मभर मुलांना निरीक्षण प्रामाणिकपणे लिहायला शिकवलं आणि त्या सकाळी माझ्या सोयीचं तेवढंच वाचलं.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पापनी वढ खाली."

"कुणाची?"

"तुजीच. माजी मी रोज बगते."

मेंढरू सुस्त दिसलं की ती त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. पांढरट असला तर आजार, लाल असला तर चांगलं. मी जाळीला तोंड लावून पापणी ओढली. तिनं निरखून पाहिलं.

"लई लाल हाय. मेंढरू असतास तर झकास म्हनले असते," ती हसली. खोकल्यानं ते हसू मध्येच तुटलं. "जा, जेव जा. उपाशी दिसतोस."

पाचव्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. तोंडावर मोठा मास्क होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. पलीकडून नर्स म्हणाल्या, "काल दुपारी मास्क काढून फोनवर किती ओरडल्या तुमच्या आक्का! आम्ही रागावलो, तरी ऐकेनात." दिरांशी भांडली असेल, असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी मी खरं सांगायचं ठरवून गेलो. "आक्का, वाढलंय. परवाच वाढलं होतं." तिनं डोळे उघडले आणि हात थोडा वर केला, पहिल्या दिवशी केला होता तसाच. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तेराव्यानंतर मी वस्तीवर गेलो. जीपमध्ये बसल्यावर एवढंच डोक्यात होतं, की मी सांगितलं नाही म्हणून कळप विकला गेला असणार. दिवस मावळत होता. धाकटी जाऊ अंगणात भाकरी थापत होती आणि शेजारच्या वाघरीची, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीची, दोरी सुटलेली होती.

"मेंढरं?" मी विचारलं.

"येतीलच आता पोटभर चरून." मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं तवा उतरवला. "भाऊ, त्या दिशी दुपारी आक्काचा फोन आलता. म्हनल्या, भावाचं तोंड बगितलं, आता उशीर नको. फोन मोठ्या आवाजात लाव आन् कळपात धर. मग त्यांनी हाक दिली. म्हनल्या, आता तू दे, माज्या मागनं. अशी लई येळा दिली. दिरांनाबी त्यांनीच फोनवर सांगितलं, कळप हिचा म्हनून."

मी ओट्यावर बसलो. त्या सकाळीच खरं सांगितलं असतं, तर तिला ती हाक जरा जास्त श्वास असताना देता आली असती. हे गणित मी अजून सोडवलेलं नाही.

बांधावर धूळ दिसली तशी जाऊ उठून वाघरीच्या तोंडाशी गेली. तिनं हाक दिली, "हुर्रऽऽ..." आणि मध्येच थांबली. एक श्वास, दुसरा श्वास. मग उरलेली हाक, "...येऽ."

आक्काची हाक लहानपणापासून माझ्या कानात आहे. ती एका दमात असायची, मध्ये कुठं तुटायची नाही.

"मधी थांबतेस का?" मी विचारलं.

"त्यांनी शिकवली तशीच देते," जाऊ म्हणाली. "सलग दिली तर येत न्हाईत."

मेंढरं तिच्या अंगावरून आत शिरत होती. मी उभा राहून नुसता बघत राहिलो, शेवटचं आत जाईपर्यंत. भुरकी होती.