चार दिवसांची अमानत

माझ्या थोरल्या जाऊबाई माणसाला दारातून खुशाल परत पाठवत. उसनं मागायला आलेली शेजारीण असो की सोयरीक घेऊन आलेला पाहुणा, त्यांची जीभ कुणाला भीत नसे. पण चार पायांचं नाही तर पंखांचं काही दारात आलं की ही बाई लोण्याहून मऊ व्हायची. मग एकच वाक्य ऐकू यायचं, "ऱ्हाऊ दे वं, चार दिवसांचं तर हाये."

मी लग्न होऊन गोरेगावात आले तेव्हा त्या चार दिवसांना किती वर्षं झाली होती, देव जाणे. एक पोपट होता, यात्रेला गेलेल्या कासाराचा. एक मुंगूस, आजारी पडून गावी गेलेल्या गारुड्याचं. शिवाय कुणाच्या तरी मामाची भाकड गाय, दोन शेळ्या आणि तीन मांजरं, त्यातलं एक आंधळं. थोरले दीर बिचारे ताट हातात धरून उभ्यानंच जेवत. शेण, लेंड्या, पिसं, सगळं झाडायला मात्र मी. नवी नवरी म्हणून कौतुक व्हावं असं मला वाटत होतं. इथं माझ्या हळदीच्या लुगड्यावर पहिल्याच आठवड्यात शेळी बसली.

मी एकदा विचारलं, "बाई, या पोपटाचं नाव काय?"

"त्याच्या मालकाला ठावं," बाई म्हणाल्या. "परक्याच्या जनावराला आपण नाव ठेवायचं न्हाई. हातानं घास भरवायचा न्हाई. मातीच्या परळात भाकरी टाकायची अन् बाजूला व्हायचं. अमानत हाये ती." पोपट तेव्हा घरात येऊन सहा वर्षं झाली होती. कासार कधी आला नाही आणि पोपट 'तो पोपट'च राहिला.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. गावोगाव धास्ती होती. लोक गाठोडी बांधून कनेरगावचा नाका ओलांडत आणि निजामाच्या हद्दीपलीकडे वऱ्हाडात जात. आमच्या घरातून मात्र कुणी हललं नाही, कारण एवढा बारदाना घेऊन जायचं कुठं? अशात एका दुपारी भिवा मेंढपाळ दारात उभा राहिला. बाहेर त्याची मेंढरं, खांद्यावर त्याचं कुत्रं. गाडीचं चाक कुत्र्याच्या पायावरून गेलेलं.

"माय, हे काई नाक्यावरोक चालत न्हाई. पाडव्यापस्तोर सांभाळा. आमी येऊन घेऊन जातो."

मी मागून बाईंच्या लुगड्याला हिसका देत होते. उपयोग काय! बाईंनी कुत्र्याचं नावही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुझ्या घोंगडीचा एक कोपरा फाडून दे दादा."

तो तुकडा कुत्र्याचं अंथरूण झाला. बाईंचा हुकूम होता, "धुवायचा न्हाई. त्यात भिवाचा वास हाये."

वास होताच! मेंढरांचा, घामाचा, पावसाळा लागल्यावर तर सगळ्यांचा मिळून. कुत्रं मुंगसावर भुंके, मुंगूस मांजरांवर धावे, मांजरं पिठाच्या डब्यावर चढत. एक दिवस मी भांडायलाच उभी राहिले. "बाई, हे कुत्रं तरी जाईल नाही तर मी माहेरी साखऱ्याला जाईन."

"जा की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर जाताना मुंगसाला दूध घालून जा."

पाडवा जाऊन तीन महिने झाले होते. भिवाचा पत्ता नव्हता. माझं डोकं फिरलं. बाई शेतात गेल्या असताना मी ती घोंगडी विहिरीवर नेली आणि रिठ्याच्या पाण्यात चांगली आपटून धुतली. संध्याकाळी बाई आल्या. कुत्रं त्या ओल्या तुकड्याभोवती हुंगत फिरत होतं, पुन्हा पुन्हा, बसायला तयार नव्हतं. बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काहून केलं धाकटे? त्याच्यापाशी तेवढंच तर होतं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं जाऊन मी कुत्र्याला हातानं भाकरी भरवली. त्याच्या पुढल्या दिवशीही. आठवड्यात मी त्याला भुऱ्या म्हणू लागले, अर्थात हळू आवाजात. बाईंसमोर मात्र माझा त्रागा चालूच होता, उलट थोडा वाढवूनच.

निजामाचं राज्य गेलं. दसरा झाला आणि एका सकाळी भिवा आला. वाळून गेला होता. निम्मी मेंढरं गेली होती, बायको वऱ्हाडातच तापानं गेली होती. अंगणात उभं राहून त्यानं हाक मारली, "सरदार!"

कुत्रं विजेसारखं उठलं. भिवाच्या पायाशी लोळलं, रडलं, त्याचं तोंड चाटलं. भिवाही रडला. घोंगडी धुतल्यानं ते काही विसरलं नव्हतं, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण भिवा निघाला तेव्हा ते वाटेवरच्या लिंबापर्यंत गेलं आणि परत येऊन माझ्या पायाशी बसलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. भिवा खाली मान घालून उभा. त्याच्यापाशी आता दुसरं कोण होतं?

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "नाव ठेवलंस व्हय याला?"

मी मान डोलावली.

"मंग आता घरात जा. आतून कडी लाव. कितीबी वरडलं तरी हाक मारू नको."

मी गेले. कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसले. बाहेरून नखं दाराला लागत होती, त्याच उंचीवर, जिथं भुऱ्या रोज डोकं टेकून बसायचा. मी पदर तोंडात कोंबला. लांबून भिवाची हाक आली, एकदा, दोनदा. मग नखं थांबली.

बऱ्याच वेळानं मी दार उघडलं. बाई पायरीवरच बसल्या होत्या, हातात तो रिकामा परळ. त्यांचे डोळे लाल होते. "आता कळलं ना," त्या म्हणाल्या, "म्या काहून कुणाला नाव ठेवत न्हाई ते?"

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या अंगणात सध्या दोन मांजरं, एक लंगडी शेळी आणि पाहुण्यांनी 'चार दिवसांसाठी' सोडलेलं एक पिल्लू आहे. त्यानं काल माझ्या सुनेची चप्पल खाल्ली. ती संतापून मला म्हणाली, "निदान याला काहीतरी नाव तरी ठेवा, शिव्या द्यायला बरं पडेल."

मी म्हटलं, "त्याच्या मालकाला विचार." आणि पिल्लाचा परळ भरून बाजूला झाले.