महेंद्रने बांधलेलं लंडन

आमच्या कात्रपच्या सोसायटीत लंडन पाहिलेले दोघे-तिघे आहेत. लंडन बांधलेला मात्र एकटाच, आमच्या खालच्या मजल्यावरचा महेंद्र. लग्नाचे मंडप, जयंतीचे देखावे हा त्याचा धंदा. प्लायवूड आणि रंग हाती द्या, राजवाडा उभा करील. स्वतःच्या बाथरूमचं दार मात्र वर्षभर एका बिजागरीवर लोंबकळतंय.

यंदा उल्हासनगरच्या मुकेशशेठने बदलापूरच्या मैदानात ‘लंडन सिटी’ प्रदर्शन आणलं. पुढे लंडन, मागे उशांचे अभ्रे, लोणची आणि आकाशपाळणा. त्याने महेंद्रला फर्मावलं, “घडीवाला टॉवर, ब्रिज, लाल बस, और कोने में रानी का महल. पब्लिक को सेल्फी मंगता है.”

टॉवर झाला, ब्रिज झाला, बसही झाली. कोपऱ्यात मात्र महालाऐवजी विटांच्या रंगाचं साधं घर उभं राहिलं. भिंतीवर निळी गोल पाटी, लंडनात थोरामोठ्यांच्या घरांवर असते तशी.

“ये क्या है?” मुकेशशेठने विचारलं.

“बाबासाहेब शिकायला होते तेव्हा राहायचे ते घर.”

“अरे, मैंने महल बोला था.”

“शेठ, लंडन म्हटलं की आमच्या घरात हेच. महालाचं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही.”

मुकेशशेठ डोकं खाजवत म्हणाला, “संडे तक रख. पब्लिक नहीं आयी, तो मंडे को महल.”

महेंद्रचं तोंड एवढंसं झालं. त्याची आई शालनमावशी या घराच्या फोटोखाली संसार करत आलेली. घर बघायचा तिने हट्टच धरला होता, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं; पुढच्या आठवड्याआधी डॉक्टर तिला जिना उतरू देईनात. तोवर तिथे राणी राहायला आलेली असणार.

मी काही फार केलं नाही. वरच्या संध्याला तेवढं सांगितलं, आणि म्हटलं, “कुणाला बोलू नकोस हं.” बातमी पसरवायला याहून पक्का उपाय आमच्याकडे नाही. संध्याकाळपर्यंत कुळगाव, चिखलोली, अंबरनाथ सगळीकडे झालं.

रविवारी अंबरनाथहून आलेल्या एका आजोबांनी त्या घराच्या दारात चपला काढल्या. मग मागच्यांनीही काढल्या. आकाशपाळण्याच्या रांगेतल्या बायकांनी तो ढीग पाहिला आणि काही न विचारता त्याही अनवाणी आत शिरल्या. एवढ्या चपला बाहेर, म्हणजे आत काहीतरी असणारच. एकीने तर प्रसादाची चौकशी केली. आत होतं काय, तर एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतभर रंगवलेली पुस्तकं. तरी माणसं दबक्या आवाजात बोलत होती.

मुकेशशेठ आला. ढिगापाशी थबकला. इकडेतिकडे पाहिलं, मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बाहेर आल्यावर महेंद्रला म्हणाला, “महल कॅन्सल. चप्पल स्टँड ठोक. ब्रिज का रास्ता जाम हो गया है.”

पुढच्या आठवड्यात शालनमावशीला रिक्षातून आणलं. महेंद्रच्या खांद्याला धरून ती घरासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी येणार म्हणून मी रुमाल काढून तयार.

“खिडक्यांना पडदे नाहीत रे,” ती म्हणाली. “तिकडे थंडी केवढी असते.”

“आई, प्लायवूड आहे ते.”

“म्हणून काय झालं?” आणि तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “तुझ्या हॉलचे पडदे जुने झालेत ना गं?”

दुसऱ्या दिवशी माझे पडदे लंडनला गेले.