अपिलाला जोडलेला दाखला

कामगारांसाठीच्या सरकारी औषध योजनेतून आमचं औषधांचं दुकान काढल्याचा आदेश आला, तेव्हा मला आधी हसूच आलं. कारण दिलं होतं, रुग्णाच्या नावाने परक्याची सही. आता महाळुंग्यात कारखान्यांतले कामगार एका खोलीत सहाजण राहतात, तिघे कामावर तर तिघे झोपलेले. ज्याला सुट्टी तो सगळ्यांची कार्डं घेऊन येतो आणि गोळ्या नेतो. ज्याचं कार्ड त्याच्या नावानं सही कर, असं मीच सांगायचे, सह्यांची वही नीट दिसावी म्हणून. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय.

अपिलाला तीस दिवस होते. आसपास योजनेचं दुसरं दुकान नव्हतं. साखरेच्या, बीपीच्या गोळ्यांसाठी माणसांना चिंचवड गाठावं लागे, म्हणजे एक खाडा. काहींनी गोळ्याच सोडल्या. रोज कुणीतरी येऊन विचारायचं, कधी सुरू होणार, आणि मी रोज सांगायचे, होईल लवकर. बोलताना माझा मलाच राग यायचा.

योजनेच्या कार्यालयातल्या बाईंनी वाट सांगितली. ज्याच्या सहीवर आक्षेप होता, तो त्या वेळी शिफ्टवर होता म्हणून दुसऱ्यानं गोळ्या नेल्या, असं दाखवणारा कंपनीचा दाखला जोडला तर अपील टिकेल. कार्ड होतं परभणीकडच्या एका कामगाराचं. औषध फिटचं.

फिट येतात हे त्यानं कामावर लपवलं होतं. दाखला मागायचा तर कशाला हवा ते ठेकेदाराला सांगावं लागणार, आणि सांगितलं की गेट बंद. मी त्याच्या खोलीवर तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. "ताई, गावाकडं माय माझ्याच जिवावर हाय. दुसरं काय बी सांगा."

माझा तोल गेला. "तुझ्या एकट्यापायी एवढ्या लोकांच्या गोळ्या अडल्यात," मी म्हणाले. झोपलेले उठून बसले.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो दाखला घेऊन दुकानात आला. शिक्का, सही, सगळं होतं. कंपनीत काय सांगितलंस, मी विचारलं.

"खरं ते सांगितलं. उद्यापासून येऊ नको म्हणले."

कागद तिथंच परत द्यायला हवा होता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. परत देऊन त्याचं काम थोडंच मिळणार होतं, असंही सांगते. खरं एवढंच की मी तो घाईघाईनं फाईलला लावला, हा मागे फिरेल या भीतीनं.

अपील मंजूर झालं. लोकांनी पेढे मागितले, मी दिले. तो तोवर गावी गेला होता.

महिनाभरानं त्याचा मित्र त्याचं कार्ड घेऊन आला. गावाकडं निघालेल्या कुणाबरोबर गोळ्या पाठवायच्या होत्या. मी नंबर टाकला, कार्ड बंद दाखवत होतं. एका महिन्याच्या गोळ्या मी तशाच दिल्या. काम सुटलं की कार्ड बंद होतं, हा नियम मला पाठ होता. दाखला मागताना तो मी त्याला सांगितला नव्हता.